आठ भाषांची संसद, दुभाषा एकही नाही : व्हिएन्नाचा राइशराट

गच्चीवरचा (धागाकर्ता)

२८ ऑक्टोबर १८९७. रात्रीचे पावणेनऊ. व्हिएन्नाच्या संसदेत डॉ. ओट्टो लेखर नावाचे ब्रनोचे सदस्य बोलायला उभे राहिले. ते खाली बसले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळचे पावणेनऊ वाजले होते. बारा तास! विषय कोणता, तर ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्यातला आर्थिक करार तात्पुरता वाढवून द्यायचा की नाही. जकात, बँक, साखरेवरचा कर असला रूक्ष मामला. विषय सोडून बोलले तर अध्यक्ष थांबवतील, म्हणून या गृहस्थांनी बारा तासांत विषय सोडला नाही. समोरच्या बहुमताने त्यांना दमवायला आरडाओरडा केला, त्यांच्याच बाजूच्यांनी अध्यक्षांना काही सुचू नये म्हणून बाकांच्या फळ्या आपटल्या, आणि मधे हा माणूस जवळ येऊन बसलेल्या लघुलेखकांना ऐकू जाईल एवढ्या बेताने बोलत राहिला.

प्रेक्षकांच्या सज्जात त्या रात्री मार्क ट्वेन बसले होते. ते नुकतेच व्हिएन्नात राहायला आले होते. पुढे त्यांनी यावर एक मोठा लेख लिहिला आणि या संसदेची जगभर जी काही ख्याती आहे ती बरीचशी त्या लेखामुळे आहे. म्हणजे सर्कस. मलाही बरीच वर्षं तेवढंच माहीत होतं. गेले काही महिने जरा नीट वाचन केलं आणि मत बदललं, म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. या संसदेचं नाव राइशराट. १८६१ च्या फेब्रुवारीत बादशहा फ्रान्झ योझेफने ती दोन सभागृहांची केली. वरचं सरदार-उमरावांचं, बिशपांचं आणि बादशहाने नेमलेल्यांचं, खालचं प्रतिनिधींचं. १८६७ साली हंगेरीने आपलं बिऱ्हाड वेगळं केलं. बादशहा एक, सैन्य एक, परराष्ट्र धोरण एक, बाकी संसार वेगळा. तेव्हापासून राइशराट उरला तो फक्त पश्चिमेकडच्या अर्ध्या भागाचा. त्या अर्ध्या भागाला धड नावसुद्धा नव्हतं. कागदोपत्री म्हणायचे, 'राइशराटात प्रतिनिधित्व असलेली राज्ये आणि प्रदेश'. देशाच्या नावावरून संसदेला नाव मिळतं. इथे संसदेच्या नावावरून देश ओळखला जाई! 'ऑस्ट्रिया' हे नाव अधिकृतपणे लागलं १९१५ साली, म्हणजे देश मोडायला तीन वर्षं उरली असताना.

या भागात जर्मन, चेक, पोलिश, रुथेनियन (आजचे युक्रेनियन), स्लोव्हेन, सर्बो-क्रोएशियन, इटालियन आणि रोमानियन अशा आठ भाषा. १८६७ च्या घटनेतलं कलम १९ सांगतं की सगळे लोकसमूह समान आहेत आणि प्रत्येकाला आपली भाषा जपायचा हक्क आहे. संसदेत कोणीही आपल्या भाषेत बोलावं, मनाई नव्हती. शपथही ज्याने त्याने आपल्या भाषेत घ्यायची. पण दुभाषा नाही. लघुलेखक फक्त जर्मन टिपणार. म्हणजे एखादा रुथेनियन सदस्य तासभर पोटतिडकीने बोलला तरी शेजाऱ्याने जर्मन भाषेत विचारलेला प्रश्न तेवढा इतिवृत्तात यायचा, त्याचं भाषण नाही. शिवाय अध्यक्षांनाच भाषा कळत नसेल तर हा विषयाला धरून बोलतोय की आईची अंगाई म्हणतोय, हे त्यांनी ठरवायचं कसं? अडवणूक करणाऱ्यांना यापेक्षा सोयीचं काय हवं?

आता १८९७ च्या गोंधळाचं मूळ. पंतप्रधान काउंट बाडेनी, पोलिश सरदार, आधी गॅलिशिया या पोलिश-रुथेनियन प्रांताचे गव्हर्नर. त्यांना हंगेरीशी करार वाढवायला मतं हवी होती, त्यासाठी चेक सदस्य हवे होते. म्हणून एप्रिलमध्ये त्यांनी बोहेमिया आणि मोराव्हिया या प्रांतांसाठी (आजचं चेक प्रजासत्ताक) वटहुकूम काढले : सरकारी कचेऱ्यांत चेक आणि जर्मन दोन्ही चालतील, आणि १९०१ पर्यंत तिथल्या प्रत्येक नोकरदाराला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. कागदावर किती सरळ! पण शिकलेल्या चेक माणसाला जर्मन येतच होती. जर्मन कारकुनाला चेक येत नव्हती, आणि शिकणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यामुळे समान नियमाचा अर्थ त्याच्या कानी पडला तो असा, की आपल्या मुलाची नोकरी गेली.

मग जे झालं ते ऐका. सप्टेंबरमध्ये जर्मन राष्ट्रवादी सदस्य कार्ल हेरमान वोल्फ आणि खुद्द पंतप्रधान यांच्यात पिस्तुलाचं द्वंद्व झालं, पंतप्रधानांच्या हाताला गोळी लागली. ऑक्टोबरमध्ये लेखरांचं भाषण, बाडेनींना हवा असलेला करारच अडवून धरायला. २५ नोव्हेंबरला बहुमताने एक ठराव रेटला की गोंधळी सदस्यांना अध्यक्ष निलंबित करू शकतील. कोणी काय वाचलं ते कोणालाच ऐकू आलं नाही, माणसं उभी राहिली, अध्यक्ष म्हणाले मंजूर. दुसऱ्या दिवशी सोशल डेमोक्रॅट (कामगारांचा पक्ष) सदस्य थेट अध्यक्षांच्या व्यासपीठावर चढले आणि सभागृहात पोलीस शिरले. सदस्यांना उचलून बाहेर काढलं. रस्त्यावर माणसं उतरली, २८ तारखेला बादशहाने बाडेनींना घरी पाठवलं. १८९९ मध्ये वटहुकूमही गेले. मग अडवणूक करायची पाळी चेकांची!

आता माझं म्हणणं. या संसदेला सगळे हसतात. पण मला असं दिसतं की फळ्या आपटणाऱ्या प्रत्येकाला ती संसद हवी होती. चेक सदस्य १८६३ पासून १८७९ पर्यंत बहिष्कार घालून बाहेर बसले, आणि शेवटी आत आलेच. कारण रस्ता, शाळा, रेल्वेचा फाटा, विद्यापीठ, सगळं तिथेच मिळत होतं. १८८२ मध्ये प्राग विद्यापीठाचे चेक आणि जर्मन असे दोन भाग झाले ते याच सौदेबाजीतून. कामगारांचा अपघात विमा १८८७ चा, आजारपणाचा १८८८ चा. आणि जेव्हा १९१४ च्या मार्चमध्ये ही संसद गप्प केली गेली, तेव्हा त्या साम्राज्यात शांतता आली नाही, फक्त काय चाललंय ते कोणालाच कळेनासं झालं.

मतभेद असतील तर या.

ओसरी

वाचनखूण साठवली. अंगाईवर हसले! एक शंका : हंगेरी वेगळी झाली, पण सैन्य एकच. मग त्या सैन्याच्या खर्चाला मंजुरी कोण द्यायचं? दोन संसदा एकत्र बसायच्या का?

गच्चीवरचा

ओसरी, तीच तर गंमत आहे. एकत्र बसायचं नाही, हा हंगेरीचा हट्ट. एकत्र बसलो म्हणजे वर कुठलीतरी एकच संसद आहे असं मान्य केल्यासारखं होतं. म्हणून दोन्ही संसदांनी साठ-साठ जणांची शिष्टमंडळं निवडायची, वीस वरच्या सभागृहातून, चाळीस खालच्या. एका वर्षी व्हिएन्नात जमायचं, पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये. एकाच शहरात, पण वेगवेगळ्या दालनांत, आणि एकमेकांशी लेखी बोलायचं. अबोला धरलेल्या सासू-सुनेने नातवाच्या हाती चिठ्ठ्या पाठवाव्यात तसं. तीनदा चिठ्ठ्या जाऊनही जमलं नाही तर मात्र एकत्र बसून मतदान, तेही चर्चा न करता.

बुडापेस्टच्या संसदेत कारभार हंगेरियनमध्ये. क्रोएशियाचे चाळीस प्रतिनिधी तेवढे आपल्या भाषेत बोलू शकत. मताधिकार अगदी तुटपुंजा, शेकडा सहा-सात लोकांना. आणि शिस्तीच्या बाबतीत तेही कमी नव्हते. १९०४ च्या डिसेंबरमध्ये विरोधकांनी सभागृहातलं सामान फोडलं. १९१२ च्या जूनमध्ये इश्तवान तिसा तिथल्या सभागृहाचे अध्यक्ष असताना पोलिसांनी सदस्यांना ओढून बाहेर काढलं, तर त्यातल्या एकाने येऊन तिसांवर गोळ्याच झाडल्या. नेम चुकला.

तिरकी रेघ

लेख उत्तम, पण निष्कर्ष जरा गुलाबी वाटला. ज्या संसदेला पंतप्रधान निवडता येत नाही आणि काढता येत नाही तिला मी संसद म्हणायला कचरतो. मंत्री नेमणार बादशहा, काढणार बादशहा. संसद अडून बसली की कलम १४ काढायचं : संसद भरलेली नसताना सरकारने वटहुकूम काढायचे, नंतर मंजुरी घेऊ म्हणायचं. १८९७ नंतरची अंदाजपत्रकं कित्येकदा अशीच निघाली. म्हणजे गोंधळ घाला, आम्ही सज्जातून बघतो, कारभार काय तो शेजारच्या खोलीतून चालतो. लेखर बारा तास बोलले कारण त्या बोलण्याने सरकार पडणार नव्हतं. ज्याच्या हाती किल्ली असते तो इतका वेळ बडबडत नाही.

तुमचा 'सगळ्यांना ती हवी होती' हा मुद्दाही मी उलटा वाचतो. त्यांना फाटा हवा होता, विद्यापीठ हवं होतं. देश कोणालाच नको होता.

गच्चीवरचा

कलम १४ बद्दल शंभर टक्के मान्य. पण 'सरकार पडणार नव्हतं' हे कसं? बाडेनी पडले की. १८९५ मध्ये तर एका शाळेवरून मंत्रिमंडळ गडगडलं. आजच्या स्लोव्हेनियातलं त्सेल्ये गाव, जर्मन लोक त्याला त्सिली म्हणत. गावात जर्मन जास्त, आजूबाजूच्या खेड्यांत स्लोव्हेन. तिथल्या सरकारी माध्यमिक शाळेत स्लोव्हेन माध्यमाच्या जोडतुकड्या काढायच्या एवढाच प्रश्न. अंदाजपत्रकात त्याला तरतूद ठेवली म्हणून सत्तेतला जर्मन उदारमतवादी पक्ष बाहेर पडला, आणि पंतप्रधान विंडिशग्रेट्झ गेले. तालुक्याच्या गावातल्या चार वर्गांसाठी साम्राज्याचं सरकार!

कडूनिंब

हे वाचून आपल्याकडच्या सीमाभागातल्या शाळा आठवल्या नाहीत असा मराठी माणूस दाखवा.

ओसरी

कडूनिंब, तो धागा उघडलात तर इथे पाचशे प्रतिसाद होतील आणि व्हिएन्ना राहील बाजूला. कृपया दुसरा काढा, मी तिथेही येईन.

डॅन्यूबकाठची

मी इथे व्हिएन्नात नऊ वर्षं राहते, संसद पाहिली आहे, म्हणून चार ओळी.

इमारत थेओफिल हान्सेन यांची, रिंगश्ट्रासवर, १८८३ मध्ये पुरी झाली. हान्सेन डॅनिश, तरुणपणी आठ वर्षं अथेन्समध्ये काढलेले. म्हणून सगळं ग्रीक. लोकशाही ग्रीकांची, तर घरही ग्रीक. चढावाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना हिरोडोटस, थ्युसिडिडीस, टॅसिटस असे इतिहासकार बसवलेत, आत जाणाऱ्याला आठवण राहावी म्हणून की काय! खाली उधळलेले घोडे आवरणारे ब्राँझचे पुतळे आहेत. आत जाताना मनातले विकार आवरा, असा त्यांचा अर्थ. १८९७ मध्ये ते पुतळे कोणी पाहिले नसावेत.

समोर पॅलास अथेनाचा प्रचंड पुतळा, तो १९०२ मध्ये बसवला. बुद्धीची देवता. व्हिएन्नाची माणसं म्हणतात, बुद्धी बाहेरच उभी आहे आणि संसदेकडे पाठ करून.

याआधी खालचं सभागृह एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत भरायचं. त्याला लोक 'श्मेर्लिंगचं थिएटर' म्हणत, श्मेर्लिंग हे तेव्हाचे मंत्री. म्हणजे सर्कस-तमाशाची उपमा मार्क ट्वेनच्या आधीपासूनची आहे.

जुनं सभागृह अजून तसंच आहे. अर्धवर्तुळात चढत गेलेले बाक, समोर अध्यक्षांची उंच जागा, त्यामागे ग्रीक देवळासारखी दगडी भिंत. २०२३ च्या जानेवारीत दुरुस्ती संपवून इमारत पुन्हा उघडली. आता रोजची बैठक दुसऱ्या सभागृहात होते, जुन्यात राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी वगैरे. गटाबरोबर पाहायला गेले तेव्हा एका बाकाला हात लावून पाहिला. वाटाड्या बाईंनी नजरेनेच दटावलं.

खडूस मास्तर

धागाकर्त्याने मतदान कोण करायचं हे गाळलं आहे, आणि खरी गोम तिथे आहे. सुरुवातीला लोक थेट निवडतच नव्हते, प्रांतांच्या सभा आपल्यातले सदस्य पाठवायच्या. १८७३ मध्ये थेट निवडणूक आली, पण गटागटांनी. ३५३ जागांपैकी ८५ बड्या जमीनदारांच्या, २१ व्यापारी मंडळांच्या, ११८ शहरांच्या, १२९ खेड्यांच्या. जमीनदारांच्या गटात साठेक मतदारांमागे एक सदस्य, खेड्यांत दहा हजारांहून जास्त मतदारांमागे एक, आणि तोही अप्रत्यक्ष. १८८२ मध्ये शहरा-खेड्यांतली कराची अट पाच गुल्डेनवर (तेव्हाचं चलन) आणली. १८९६ मध्ये याच बाडेनींनी पाचवा गट जोडला, २४ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांचा, पण लाखो माणसांना मिळून जागा फक्त ७२. आणि वरच्या गटातले लोक या पाचव्यातही मत देऊ शकत. म्हणजे श्रीमंताला दोन मतं.

१९०७ मध्ये हे सगळं मोडून सर्व पुरुषांना समान मत आलं. ५१६ जागा. भाषेनुसार : जर्मन २३३, चेक १०७, पोलिश ८२, रुथेनियन ३३, स्लोव्हेन २४, इटालियन १९, क्रोएट आणि सर्ब १३, रोमानियन ५. आता १९१० ची शिरगणती शेजारी ठेवा. जर्मन बोलणारे सुमारे ३६ टक्के, जागा ४५ टक्के. रुथेनियन साडेबारा टक्क्यांच्या वर, जागा सहाच्या जराशा वर. कारण जागा वाटताना डोकी मोजली तशी कराची रक्कमही मोजली. 'समान मत' एका मतदारसंघाच्या आत. दोन मतदारसंघ शेजारी ठेवले की समानता संपली.

आणि एक. जमीनदारांच्या गटात बाईच्या नावावर जमीन असेल तर तिला मत होतं, बहुधा मुखत्याराकरवी. १९०७ च्या 'सार्वत्रिक' कायद्याने ते काढून घेतलं. मूठभर बायका असतील, पण सार्वत्रिक या शब्दाने त्यांचा हक्क गेला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ओसरी

मास्तर, शेवटचा परिच्छेद माहीत नव्हता. पण बादशहाने हे होऊ कसं दिलं?

खडूस मास्तर

दिलं काय, त्यानेच रेटलं. १९०५ मध्ये रशियात क्रांती झाली, झारने संसद कबूल केली. २८ नोव्हेंबर १९०५ ला व्हिएन्नात कामगारांचा अफाट मोर्चा संसदेवरून गेला. बादशहाचं गणित असं की सगळ्यांना मत दिलं तर लोक भाषेऐवजी भाकरीवर मत देतील, आणि भाषावाल्यांचा आवाज बसेल. पंतप्रधान बेक यांनी ते पार पाडलं. मे १९०७ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट ८७ आले. गणित जुळलं असं वाटावं तोच चेक आणि जर्मन सोशल डेमोक्रॅटसुद्धा एकमेकांपासून फुटले.

आग्यावेताळ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक तारीख डोक्यात घोळते आहे. १८९७ चा तोच उन्हाळा-पावसाळा आपल्याकडे कसा गेला? पुण्यात प्लेग, जूनमध्ये रँडवर गोळ्या, २७ जुलैला टिळकांना अटक, १४ सप्टेंबरला 'केसरी'तल्या मजकुरासाठी राजद्रोहाची अठरा महिन्यांची शिक्षा. टिळक तेव्हा मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद होते. त्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. आणि त्यानंतर अकराच दिवसांनी तिकडे एक सदस्य पंतप्रधानांना पिस्तुलाने गोळी घालतो आणि परत सभागृहात येऊन 'मला बोलायचंय' म्हणून ओरडतो!

बाय द वे, मार्क ट्वेन पावणेदोन वर्षांपूर्वीच, १८९६ च्या जानेवारीत, मुंबईत वॉटसन्स हॉटेलात उतरले होते. एकाच माणसाने दोन्ही साम्राज्यं एवढ्या जवळून पाहिली.

गच्चीवरचा

आग्यावेताळ, यावर एक भन्नाट गोष्ट. तिकडेही वर्तमानपत्रं जप्त व्हायची. सरकारी वकिलाला मजकूर खुपला की अंक उचलायचे, मग संपादक ती जागा पांढरी ठेवून अंक पुन्हा काढायचा. पण राइशराटाच्या जाहीर कामकाजाचं खरं वृत्त छापलं तर खटला चालत नसे. मग काय करायचे? ओळखीच्या सदस्याला गाठायचं. तो सरकारला प्रश्न विचारणार : 'अमुक अंकातला पुढील मजकूर का जप्त केला?' आणि 'पुढील' म्हणून अख्खा लेख जोडणार. झालं! मजकूर कामकाजात आला, आता तो कोणीही छापावा. त्याला चक्क 'मजकुराला लस टोचणे' अशा अर्थाचा शब्द होता. टिळकांना असली लस मिळाली असती तर मंडाले...

तिरकी रेघ

हा मुद्दा मात्र मला पटला. लसीसाठी ती संसद ठेवावी. पण बघा, मग ती जिथे कायदे होतात ती जागा राहिली नाही, जिथे बोललं की शिक्षा होत नाही ती जागा झाली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एकत्र करताय.

कडूनिंब

मला एक विचारायचंय. मोराव्हियात १९०५ मध्ये चेक मतदारांची यादी वेगळी आणि जर्मनांची वेगळी केली असं वाचलं. मग आपल्याकडे १९०९ च्या सुधारणांत मुस्लिमांसाठी विभक्त मतदारसंघ आले, ते आणि हे एकच ना? त्याचं पुढे काय झालं ते आपण जाणतो.

खडूस मास्तर

दिसायला सारखं, उगम वेगळा. ती मोराव्हियाच्या प्रांतसभेसाठी केलेली तडजोड होती. दोन्ही बाजू टेबलापाशी बसल्या आणि म्हणाल्या, निवडणुकीत चेक विरुद्ध जर्मन हा सामनाच नको. चेक मतदार चेक उमेदवारांतून निवडतील, जर्मन मतदार जर्मन उमेदवारांतून. जागा आधीच ठरलेल्या. त्यामुळे तिथे निवडणुका खरंच थंड झाल्या. बुकोव्हिना या पूर्वेकडच्या प्रांतात पुढे असंच झालं, तिथे तर दोनाहून जास्त याद्या.

किंमत अशी की प्रत्येकाला सांगावं लागलं, मी अमुक. आई चेक, बाप जर्मन, घरात दोन्ही भाषा, दुकानात तिसरी, अशी माणसं तिकडे ढिगाने होती. त्यांना कोणत्या यादीत घालायचं यावर अर्ज, हरकती, कोर्टकज्जे. भांडण मतपेटीतून निघालं आणि नोंदवहीत जाऊन बसलं.

ओसरी

ज्यांनी फळ्या आपटल्या त्यांचं पुढे काय झालं?

गच्चीवरचा

ओसरी, याच प्रश्नाची वाट पाहत होतो.

कारेल क्रामार्झ घ्या. १८९७ च्या त्या गोंधळात ते उपाध्यक्ष, म्हणजे व्यासपीठावर घंटा वाजवणाऱ्यांतले. १९१५ मध्ये अटक, १९१६ मध्ये देशद्रोहासाठी फाशीची शिक्षा, १९१७ मध्ये नव्या बादशहा कार्लने माफी दिली, आणि १९१८ मध्ये ते चेकोस्लोव्हाकियाचे पहिले पंतप्रधान. त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक हेही राइशराटाचेच सदस्य. पोलंडचे पुढचे पंतप्रधान व्हिन्सेंटी व्हिटोस, तेही इथलेच. स्लोव्हेन पाद्री आंतोन कोरोशेत्स पुढे युगोस्लाव्हियाचे पंतप्रधान. कार्ल रेन्नर ऑस्ट्रियाच्या दोन्ही प्रजासत्ताकांच्या जन्माला हजर.

सगळ्यात चटका लावणारी जोडी इटालियन. त्रेंतो भागातून १९११ मध्ये दोघे निवडून आले : चेझारे बात्तिस्ती आणि आल्चीदे दे गास्पेरी. युद्ध सुरू झाल्यावर बात्तिस्ती सीमा ओलांडून इटलीच्या सैन्यात गेले, १९१६ मध्ये पकडले गेले, आणि ज्या संसदेचे ते सदस्य होते तिच्याच राज्याने त्यांना त्रेंतोत फासावर चढवलं. दे गास्पेरी व्हिएन्नातच राहिले, १९१७ मध्ये पुन्हा सभागृहात बोलले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सलग जवळजवळ आठ वर्षं इटलीचे पंतप्रधान होते. युरोपच्या एकीकरणाच्या जनकांत त्यांचं नाव घेतात.

तिरकी रेघ, 'देश कोणालाच नको होता' म्हणालात. असेल. पण पुढच्या अर्धा डझन देशांना कारभारी कुठून मिळाले ते बघा. नियमावली कशी वापरायची, समितीत सौदा कसा करायचा, हे ती माणसं त्याच बाकांवर शिकली.

तिरकी रेघ

शाळा चांगली होती एवढं देतो. मुलं शाळा जाळून बाहेर पडली हेही लिहा.

आग्यावेताळ

शाळा जाळली कोणी पण? कुलूप तर सरकारने लावलं. १६ मार्च १९१४ ला पंतप्रधान श्टुर्क यांनी संसद तहकूब केली, कारण चेक अडवणूक. साराजेव्होत युवराजाची हत्या झाली ती जूनमध्ये. म्हणजे जुलैत युद्ध जाहीर झालं तेव्हा युरोपातल्या बाकीच्या संसदा खर्चाला मंजुरी देत होत्या, आणि इथे विचारायलाही कोणी नव्हतं. इमारतीत पुढे जखमींसाठी इस्पितळ घातलं. २१ ऑक्टोबर १९१६ ला फ्रीडरिश आडलर, सोशल डेमोक्रॅट पुढारी व्हिक्टर आडलरांचा मुलगा, हॉटेलात जेवत बसलेल्या श्टुर्कांना गोळ्या घालतो. व्यवसायाने भौतिकशास्त्रज्ञ, आइनस्टाइनचा मित्र! खटल्यात त्याने सरकारवरच उलट आरोप ठेवले, आणि त्यात बंद पडलेली संसद हा मोठा मुद्दा होता. फाशीची शिक्षा झाली, ती कमी झाली, १९१८ मध्ये सुटला.

डॅन्यूबकाठची

आणि ३० मे १९१७ ला कार्लने संसद पुन्हा उघडली तेव्हा पहिल्याच दिवशी चेकांनी, दक्षिण स्लावांनी, युक्रेनियनांनी आपापली निवेदनं वाचली. तोवर सगळ्यांनी सगळं ठरवलेलं होतं. तीन वर्षं बोलू दिलं नव्हतं ना.

शेवटचा दिवस १२ नोव्हेंबर १९१८. जुन्या सभागृहाची शेवटची बैठक झाली आणि तहकूब करताना पुढची तारीख दिलीच नाही. त्याच दिवशी दुपारी त्याच इमारतीसमोर प्रजासत्ताकाची घोषणा. नवा लाल-पांढरा-लाल झेंडा वर चढवताना काही जणांनी मधली पांढरी पट्टी फाडून काढली आणि लाल तुकडे गाठ मारून वर ओढले. त्याची छायाचित्रं आहेत.

पुढच्या आठवड्यात घरी पाहुणे येणार आहेत, पुन्हा दाखवायला नेईन. लेखर कोणत्या बाकावरून बोलले ते वाटाड्या बाईंना विचारते. दुसऱ्या कोणी बाई असल्या तर बरं.

ओसरी

फोटो टाका. बाकाला हात लावलेला!